चार पानं त्याची, दोन ओळी तुझ्या

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानं तू मित्राबद्दल लिहिलीस. तरुण संघाच्या शिबिराचे पैसे त्याने मोबाइलवरच्या रमीत घालवले, विचारल्यावर तुझ्या तोंडावर खोटं बोलला, आता त्याला कमिटीवरून काढावं का? आणि शेवटी सहीच्या वर, घाईघाईत दोन ओळी: "माझंही रात्री फोनवर जे चालतं ते सुटत नाही. मी प्रार्थना चालवायच्या लायकीचा नाही." मला वाटतं, पत्र तू त्या दोन ओळींसाठीच लिहायला बसलास. म्हणून आधी त्यांचंच बोलतो.

मोह होणं हे पाप नाही. शब्बाथ शाळेत तू हे ऐकलंयस, पण आत उतरलेलं दिसत नाही. 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' असं आपण दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतो ना, तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय की आपला प्रमुख याजक, म्हणजे प्रभू येशू, सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मनात विचार आला एवढ्यावरून तू मान खाली घालू नकोस. फोन हातात घेतल्यावर जे होतं त्याला मात्र पापच म्हण, दुसरं गोंडस नाव देऊ नकोस. आणि 'मी लायकीचा नाही' म्हणून प्रार्थनेपासून लांब बसणं, हा मला त्याहून मोठा मोह वाटतो. आजारी माणसाने लाजेपोटी डॉक्टर टाळावा, तसं ते आहे.

प्रभूचा अरण्यातला प्रसंग पुन्हा वाच. 40 दिवसांचा उपास, आणि सैतान कुठली घाणेरडी गोष्ट पुढे करत नाही, भाकर दाखवतो: या धोंड्यांच्या भाकरी कर. भूक खरी होती. तरी प्रभूने स्वतःसाठी धोंड्यांच्या भाकरी केल्या नाहीत. पुढे मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात लोक तीन दिवस त्याच्याजवळ उपाशी आहेत. त्याला त्यांचा कळवळा येतो, आणि सात भाकरींवर चार हजार पुरुष, शिवाय बायकामुलं, पोटभर जेवतात. मी कितीतरी वर्षं या दोन उताऱ्यांवर शेजारी शेजारी बोट ठेवून बसलोय. पोटात आग पडणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, म्हणून लोकांची भूक त्याला न सांगता कळली. शुभवर्तमानात 'कळवळा' आलाय तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपल्या आया म्हणतात ना, आतडं तुटतं, अगदी तेच.

मिसरच्या वाळवंटातल्या मठवाशांची एक गोष्ट योहान कासियन नावाच्या मठवाशाने पाचव्या शतकात लिहून ठेवलीय. एक तरुण मठवासी एका म्हाताऱ्या मठवाशाकडे गेला आणि वासनेचे विचार छळतात असं त्याने कबूल केलं. म्हातारा त्याच्यावर तुटून पडला, तू मठवासी म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाहीस म्हणाला. (तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून मला हीच गोष्ट आठवली.) पोरगा सगळं सोडून निघाला. वाटेत अब्बा (म्हणजे वडीलधारे मठवासी) अपोल्लो भेटले. या वयातही मला हेच विचार छळतात, असं सांगून त्यांनी त्याला थांबवलं. मग ते त्या म्हाताऱ्याच्या खोलीबाहेर गेले आणि रडत प्रार्थना केली, की या पोराचा मोह थोडा वेळ याला होऊ दे. म्हातारा वेड्यासारखा आतबाहेर करू लागला आणि शेवटी पोरगा गेला होता त्याच वाटेने चालू लागला.

माझंही सांगतो. चोविसाव्या वर्षी मी मंडळीचा खजिनदार होतो. मित्राच्या लग्नात मिरवायला शर्टपँटचं कापड हवं होतं, म्हणून अर्पणाच्या थैलीतून 180 रुपये घेतले. पगार झाला की ठेवू म्हणालो. तीन पगार झाले, ठेवले नाहीत. शेवटी एका वडीलधाऱ्यांकडे गेलो. ते ओट्यावर मेथी निवडत होते. मी बोलत असताना त्यांचा हात थांबला नाही. एवढंच विचारलं, "महिन्याला किती जमतील?" तीस, म्हणालो. कमिटीपुढे ते माझ्याबरोबर आले, शेजारी उभे राहिले. खजिनदारी गेली, जायलाच हवी होती. पण पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला हाक मारून टेबलाशी बसवलं, आठ आण्यांचा ढीग माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मोज." माझे हात थरथरत होते. दोनदा मोजले.

म्हणून तुझ्या मित्राचं असं कर. कमिटीबरोबर जाऊ नकोस, आधी एकटा त्याच्या घरी जा. तूही लढतोयस एवढं सांग, तपशील सांगायची गरज नाही. गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय जाण्याआधी वाच: चुकलेल्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा, आणि तूही मोहात पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष दे. पण रक्कम लपवू नका. हिशेबाच्या वहीत ती जशीच्या तशी यायला हवी, आणि संघाचे पैसे सध्या त्याच्या हाती नकोत. झाकून ठेवलंस तर तो उद्या दुसरीकडून उधार घेऊन खेळेल. त्याला कमिटीवरून काढायचं का, ते त्याने हप्ता ठरवल्यावर बघू. आणि कमिटीपुढे जायची वेळ आली की तू त्याच्या शेजारी उभा राहा.

तुझ्या दोन ओळींसाठी: रात्री दहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, गजराला साधं घड्याळ आण. आवरेनासं झालं तर तिथूनच मला फोन लाव, कितीही वाजलेले असोत. आणि या शुक्रवारची प्रार्थना तूच चालव.

त्याच्या घरी जाऊन आलास की कळव. शिबिराला किती पैसे कमी पडतात तेही लिही.

तुझा,
काका