शीर्षकातलं ‘एक चिकित्सक अभ्यास’

‘मावळातील जात्यावरच्या ओव्यातील भाऊ : एक चिकित्सक अभ्यास’ हे शोधनिबंधाचं शीर्षक शंभर जणांच्या शीर्षकांसारखं वाटतं, तर ‘चिकित्सक’च्या जागी ‘समीक्षात्मक’ घालू की ‘विश्लेषणात्मक’, असं एका संशोधक विद्यार्थिनीने विचारलं आहे. ओव्यांत भावाला कोणकोणत्या शब्दांनी हाक मारतात, हा त्यांचा विषय.

तिन्ही शब्द नकोत. विश्लेषण न करता कुणी शोधनिबंध लिहितं का?

‘चिकित्सक’चं मला जास्त वाईट वाटतं. संस्कृतात चिकित्सा म्हणजे रोगावरचा उपचार. हिंदीत चिकित्सक आजही डॉक्टरच. मराठीने त्याला बारीक पारख करणारा हा अर्थ दिला, इतका की कापड घेताना दहा ठाणं उलगडायला लावणाराही आपल्याकडे चिकित्सक ठरतो. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून, पाठभेद, म्हणजे एकाच ओळीची वेगवेगळी रूपं, नोंदवून केलेलं ते काम. तिथे या शब्दाला वजन आहे. ओवीच्या पाठभेदांची अशी छाननी तुम्ही केली असेल, तर जरूर ठेवा.

‘एक’चंही तसंच. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये तो शोभतो, कारण ‘महासमन्वय’ हा त्यांचा निष्कर्षच आहे आणि तो मुखपृष्ठावर मांडला आहे. ‘एक अभ्यास’मध्ये सांगितलेलं काहीच नाही.

तुमच्याजवळ सांगण्यासारखं आहे, आणि ते ओव्यांतच आहे. ‘बंधू’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, ‘भाऊ’ झिजून घरचा झालेला, आणि त्याला लागलेला ‘राया’ तोच, जो विठोबाला ‘विठुराया’ करतो! बाई दळता दळता भावाला देवाच्या पंगतीला बसवते. मी असते तर लिहिलं असतं : ‘बंधू, भाऊ, भाऊराया : मावळातील जात्यावरच्या ओव्यांतील भावाची संबोधने’. विठुरायाशी तुलना निबंधात खरोखर असेल, तर ‘भाऊराया आणि विठुराया’ याहून नेमकं शीर्षक मला सुचत नाही. नसेल, तर ते घेऊ नका.

मावळ मात्र उपशीर्षकातून काढू नका, त्या भागातल्या ओव्या शोधणारा त्याच शब्दाने तुमच्यापर्यंत पोहोचेल. आणि ‘ओव्यातील’ नव्हे, ‘ओव्यांतील’. अनेकवचन आहे, अनुस्वार हवाच.