कॅनडा पीआर, मग टीएनवर अमेरिका: आधी बायकोच्या कामाचं बघ

तू विचारलंयस की आधी कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घ्यायचा आणि मग टीएन व्हिसावर, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारातल्या ठराविक व्यवसायांसाठीच्या व्हिसावर, अमेरिकेत नोकरी धरायची, नेहमीच्या एच-१बी वर्क व्हिसाच्या लॉटरीपेक्षा हे बरं नाही का. तू हिंजवडीत, बायको डेंटिस्ट, सिंहगड रोडला तिचं क्लिनिक, मुलगा पहिलीत. अरे-तुरे करतेय, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा वाटतोस. मी कोथरूडची, आधी ओंटारियोत होते आणि आता टीएनवर मिशिगनला आहे. फी किती, फॉर्म कुठला हे सरकारी साईटवर आहे, ते सोडून सांगते.

पीआरवर टीएन मिळत नाही, कॅनडाचं किंवा मेक्सिकोचं नागरिकत्वच लागतं. म्हणजे पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहायचं, मग अर्ज, परीक्षा, शपथ, आणि आपला निळा पासपोर्ट सरेंडर. कन्सल्टंट लोक हे शेवटी हळूच सांगतात.

त्यानंतर काम पटकन होतं हे खरंय. लॉटरी नाही, सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या लोकांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर बसवलेली १,००,००० डॉलरची फी नाही, ऑफर लेटर आणि डिग्री घेऊन सीमेवर जायचं, तिथेच निकाल. पण तो निकाल समोरच्या ऑफिसरच्या हातात. करारातल्या यादीत कॉम्प्युटर सिस्टिम्स ॲनालिस्ट आहे, प्रोग्रामर नाही, आणि आमच्या एचआरनं लेटरमध्ये कोडिंग वरच टाकलेलं. ऑफिसरनं पेनानं त्या ओळीखाली रेघ मारली, मग तिसऱ्या ओळीखाली, मग पाचव्या, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मागे खुर्चीत नवरा, त्याच्या मांडीवर झोपलेली मुलगी, बाहेर गाडीत कुकरपासून गाद्यांपर्यंत सगळा संसार. तसेच परत फिरलो. लेटर नीट लिहून आणलं, काम तेच, मीही तीच, दुसऱ्या ऑफिसरनं दोन प्रश्न विचारून सोडलं. त्यामुळे लेटर ओळ न् ओळ स्वतः वाच.

टीएन तीन वर्षांपर्यंत मिळतो, पुढे वाढवता येतो, पण नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीन कार्डसाठी पासपोर्ट कॅनडाचा असला तरी जन्म भारतातला हेच बघतात, म्हणजे रांग तीच. आणि नाफ्टा या जुन्या व्यापार कराराच्या जागी १ जुलै २०२० ला जो करार आला, ज्यावर टीएन उभा आहे, त्यातच सहा वर्षांनी आढावा लिहिलेला आहे, म्हणजे जुलै २०२६, त्यामुळे हे कायमचं धरून घर-बिर घेऊ नकोस.

शाळेचं मात्र अजून मनातून जात नाही. मुलगी ओंटारियोत इंग्रजी शाळेतच शिकलेली. इथे प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता असं विचारतात, आम्ही मराठी लिहिलं, बोलतोच मराठी. झालं, तिची इंग्रजीची टेस्ट लावली, अनोळखी बाईंसमोर पोरगी गप्प बसली, आणि मग रोज वाचनाच्या तासाला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत. जुन्या शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवलं, वाचनाचा शेरा दाखवला, कोणी हलेना, पुढच्या टेस्टपर्यंत थांबा म्हणाले. तोवर तिनं घरात मराठी बोलणं बंद केलं होतं. आजीचा फोन आला की इंग्रजीत दोन वाक्यं आणि फोन माझ्या हातात. अजून आठवलं की जीव जळतो. तू फॉर्मवर मराठीच लिही, फक्त जुन्या बाईंचं पत्र घेऊन टेस्टच्या आधीच शाळेत जाऊन बोल.

एकटेपणाचं विचारलंस, त्याचं फार मनावर घेऊ नकोस. मंडळ आहे, गणपती आहे, बाकरवडीसुद्धा मिळते.

खरं लिहायला बसले ते तुझ्या एका ओळीमुळे, "बायको करेल ॲडजस्ट". टीएनवाल्याच्या जोडीदाराला टीडी मिळतो, त्यावर शिकता येतं, काम करता येत नाही. एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराला ग्रीन कार्डच्या एका टप्प्यानंतर तरी वर्क परमिट मिळतं, टीडीला तेही नाही. माझा नवरा भोसरीला टूलरूममध्ये होता, डाय-मोल्डमध्ये हात धरणारं कोणी नव्हतं, पण शिक्षण डिप्लोमा, आणि यादीतल्या इंजिनियरला डिग्री किंवा इकडचं लायसन्स लागतं. डेट्रॉइटच्या आसपास टूलरूमच टूलरूम, आणि हा सकाळी आमचे डबे भरून दिवसभर घरात. शेजाऱ्यांची गवत कापायची मशिनं उघडून दुरुस्त करून द्यायचा, एक डॉलर न घेता. सासूबाई फोनवर मला विचारायच्या, "तो काय करतो गं दिवसभर?" मी विषय बदलायचे. एकदा जेवताना म्हणाला, तुझ्या नोकरीवर माझा मुक्काम आहे. आवाज चढवला नाही, ताटातली भाजी संपवली आणि उठला. त्यावर आम्ही अजून धड बोललेलो नाही. आता माझ्या टीएनची मुदत संपत आलीय, तो म्हणतो डेट्रॉइटच्या समोर कॅनडात विंडसरला राहू, तू पूल ओलांडून ये-जा कर, बरेच जण करतात. मुलगी म्हणते आता शाळा बदलणार नाही. ठरत नाहीये.

तुझ्या बायकोचं तसं नाही. डेंटिस्ट त्या यादीत आहे, म्हणजे नागरिकत्वानंतर तिला स्वतःचा टीएन मिळू शकतो, पण आपल्या बीडीएसवर भागत नाही, कॅनडात एनडीईबीच्या, म्हणजे तिथल्या डेंटिस्टांच्या परीक्षा मंडळाच्या, परीक्षा द्याव्या लागतात, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं, आणि अमेरिकेत राज्याचं लायसन्स वेगळं. तेव्हा तुझ्या पगाराचं गणित बाजूला ठेव आणि पहिली दोन-तीन वर्षं तिच्या परीक्षांच्या हिशोबानं आख, क्लिनिक विकायची घाई करू नका, चालवायला देता येतं का बघा. आणि पुढचे प्रश्न तिलाच विचारू दे, मी तिला सविस्तर लिहीन.