लंडन झूच्या जुन्या हत्तीघराच्या भिंती इतक्या खडबडीत का आहेत?

मुद्दामच तशा केल्यात. ह्यू कॅसन आणि नेव्हिल कॉन्डर या वास्तुरचनाकारांनी 1960च्या दशकात हत्ती-गेंड्यांसाठी हे घर बांधलं. काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या ओतल्या आणि मग त्यांच्या कडा हातोड्याने फोडून आतली खडी उघडी पाडली, म्हणून भिंत हत्तीच्या कातडीसारखी दिसते. वर तांब्याने मढवलेली छपरं. उजेड थेट वरून जनावरावर पडतो, बघणारे अंधारात. थोडक्यात, नाटकाचं थिएटरच! फक्त एक लक्षात घ्या: इमारत संरक्षित वारसा असली, तरी हत्ती 2001मध्येच व्हिप्सनेड या दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या मोकळ्या जागेत हलवले. वास्तू देखणी, पण कळपाला फिरायला जागा फारच तोकडी.