पुस्तकाबाहेरची पहिली खेळी

प्रश्न : संगणकाशी बुद्धिबळ खेळताना त्याच्या साठ्यातील (म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या ‘पुस्तका’तील) सुरुवातीच्या खेळी चुकवण्यासाठी अपरिचित खेळी करणे उपयोगी ठरते का?

उत्तर : काही अंशी. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘आयबीएम’च्या ‘डीप ब्लू’ या संगणकाविरुद्धच्या तिसऱ्या डावात तेव्हाचे जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांनी वजिरापुढचे प्यादे जेमतेम एक घर सरकवून यंत्रात भरलेली तयारी निरुपयोगी केली खरी, परंतु त्यासोबत पांढऱ्या मोहऱ्यांचा पुढाकारही बराचसा गेला आणि ४८ खेळींनंतर डाव बरोबरीत सुटला. सहाव्या डावात मात्र ते काळ्या मोहऱ्यांनी खेळताना कारो-कान बचाव या रुळलेल्या सुरुवातीकडे वळले, सातव्या खेळीला त्यांनी ‘एच-६’ केले (राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे एक घर सरकवले), आणि साठ्यातूनच घोड्याचा बळी देणाऱ्या यंत्राने १९ खेळींतच डाव जिंकला. आमच्या मते, अपरिचित खेळी पट बंदिस्त (प्यादी एकमेकांना अडवून मोहऱ्यांच्या वाटा बंद झालेला) ठेवणार असेल तरच करावी. मोकळ्या पटावर यंत्राला साठ्याची फारशी गरजच भासत नाही.