गंजीवर बसलेला भाव

प्रिय बाबू,

कापूस विकू की ठेवू, असं तू फोनवर विचारलंस. भावाचं भाकीत मला जमत नाही. पण भाव कानावर पडला की आपलं डोकं काय करतं, ते लिहितो.

2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणारा व्यापारी, माझ्या दारात येऊन साडेआठ हजार बोलला. मी त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. तीन वर्षांआधी साडेपाच हजारांचा चुकारा मी हसत खिशात घातला होता! मग साडेआठ का बोचले? कापसाची गंजी माजघरात तशीच राहिली, पोरं अंग खाजवत झोपली, आणि मिरगाच्या तोंडावर सात हजारांनं काटा करून विकला.

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळानं फळांचा रस मिळायचा. सवय झाल्यावर माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी रस मिळताना नव्हे, दिवा लागतानाच उसळायच्या. ठरल्या वेळी रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही मंदावायचं. म्हणजे त्या पेशी रस मोजत नव्हत्या, अपेक्षेतला फरक मोजत होत्या. माझा दिवा दहा हजारांवर लागला होता.

त्यात आणखी एक मेख आहे. काहनेमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं, की कमावल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याची बोच जास्त असते. पुढे त्यांच्या हिशेबात ती साधारण दुप्पट निघाली. शिवाय तोट्यात आहोत असं वाटलं, की माणूस जुगार खेळायला तयार होतो. आपण त्याला ‘थांबून पाहू’ म्हणतो.

तू एवढंच कर. घरात कापूस नाही, आजच्या भावानं येणारी रोकड हातात आहे, असं धर. त्या रोकडीचा कापूस विकत घेऊन माजघरात भरशील का? बियाण्याची उधारी, व्याज, सुकून घटणारं वजन धरून सांग. ‘हो’ म्हणालास तर खुशाल ठेव. ‘नाही’ म्हणालास तर गंजीवर कापूस नाही, जुना भाव बसलाय.

उत्तर वहीत लिही, तारखेसह. चावडीवर भावाच्या गप्पा ऐकायच्या आधी लिही, नंतर नको. आणि आजीची बाज अजून गंजीमागे अडकली असेल, तर तीही हिशेबात धर.

तुझा,
काका