बंद मिलच्या भुताला कुणी घाबरतच नाही, चुकतंय कुठं?

प्रश्न: आम्ही पाचजण दोन वर्षं झाली दर रविवारी सात रस्त्याजवळ मित्राच्या खोलीवर डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतोय, म्हणजे एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात अन् जमलं का नाही ते फासे ठरवतात. आता मी भयकथा चालवालोय, बंद पडलेली कापड मिल, मध्यरात्री भोंगा वाजतो, जुन्या पाळीचे कामगार दिसतात. पण घाबरतंय कोण? एकजण सरळ तलवार काढून आत घुसतो. मागच्या वेळी हजेरीपुस्तक सापडायला हवं होतं, चौघांचे फासे पडले नाहीत अन् दीड तास गोष्ट जागची हलली नाही. माझं सांगणं कमी पडतंय का नियमच चुकलेत?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: तुमचं सांगणं झकास आहे हो. भोंग्याचं वाचूनच माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या घरात घड्याळ भोंग्यावरच लावायचे.

अडचण नियमांची आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला तोच युद्धखेळांच्या पोटातून, त्यामुळं लढा, जिंका, अजून ताकदवान व्हा हे त्याच्या रक्तातच आहे. तुमचा तलवारवाला पाचव्या लेव्हलचा फायटर असेल तर त्याच्याकडं चाळीसेक हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, आहेत, एका पाळीत दोन वार करतो, असा माणूस मिलमधल्या सावलीला कशाला भिईल? त्याच्यावर चिडू नका, त्याच्या कागदावर जे लिहिलंय तेच तो करतोय.

भीतीसाठी कॉल ऑफ क्थुल्हू हा भयकथांचा खेळ घ्या, 1981 पासून चालत आलेला आहे. तिथं हिट पॉइंट साधारण दहा-बारा, अन् लेव्हल नावाचा प्रकारच नाही त्यामुळं ते वाढत जात नाहीत. शंभरच्या फाशावर आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा खाली पाडायचं. अन् मनाच्या स्थैर्याचा आकडा वेगळा असतो, भयंकर काही दिसलं की तो उतरतो. आमच्याकडं एक मित्र आहे, कायम सगळ्यात पुढं. त्याचा आकडा 55 वरून 49 वर आला, त्यानं खोडरबरानं खोडलं, नवा आकडा लिहिला, पेन्सिल तशीच हातात धरून बसला अन् हळूच म्हणाला, मी दार उघडत नाही. मी त्या दाराचं काहीच वर्णन केलं नव्हतं अजून.

खर्चाची काळजी नको. शंभरचा फासा म्हणजे दोन दहाचे फासे, ते तुमच्या सेटमध्ये आहेतच, अन् सुरुवातीपुरते नियम फुकट मिळतात.

हजेरीपुस्तकाचं मात्र येत्या रविवारीच सुधारा, त्याला नवा खेळ लागत नाही. गमशू नावाची एक नियमपद्धत खास तपासाच्या गोष्टींसाठी केलीय, तिचं म्हणणं साधं आहे की योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधतोय तर महत्त्वाचा धागा त्याला द्यायचाच, फासा टाकायला लावायचाच नाही. मला हे फार पटतं. रहस्यकथेत मजा धागा सापडण्यात नसते, त्यातून काय अर्थ लावायचा यात असते. फासा टाकायचाच असेल तर पुस्तक सापडेपर्यंत कुणी बघितलं का, यासाठी टाका.

पुढं कधी गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत चोरी वगैरे करायची असेल तर ब्लेड्स इन द डार्क बघा, त्यात आधी दोन तास प्लॅन करत बसायचं नसतं, अडचण आली की ‘मी कालच वॉचमनला चहा पाजला होता’ असा मागचा प्रसंग खेळाडू तिथल्या तिथं घालू शकतो, बदल्यात कधीकधी थोडा ताण सोसायचा. अन् माणसामाणसांतली भांडणं रंगवायची असतील तर अपोकॅलिप्स वर्ल्डची पद्धत, दोन साधे फासे, 10 किंवा वर आलं तर पूर्ण यश, 7 ते 9 आलं तर काम होतं पण काहीतरी द्यावं लागतं, 6 किंवा खाली आलं तर संकट. 36 पैकी 15 वेळा ते मधलंच येतं, म्हणून गोष्ट थांबत नाही.

एक मात्र करा, बदलायच्या आधी पाचही जणांना विचारा. कुणाला चौकटीच्या नकाशावर डावपेच लढवण्यातच आनंद असेल तर त्याचा तो आनंद काढून घेऊ नका, मिलची गोष्ट तीन रविवारांत संपवा अन् परत तुमच्या जुन्या खेळावर या. तेवढ्यापुरतं तलवारवाल्याला त्या मिलमधला जुना जॉबर, म्हणजे मुकादम, करा, हातात एक बॅटरी द्या, तीही सेल उतरलेली.