व्हीपीएसवर वेबसाइट आणि मेल एकत्र? आधी दोन्ही वेगळे करा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) उबंटू टाकून वर्डप्रेसची साइट चालू झालीय, आता ऑफिसातल्या दहाबारा जणांचा मेलही त्याच मशीनवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा) लावून चालवायचाय, पण टेस्ट मेल जीमेलच्या स्पॅममध्ये जातोय. स्पॅमचं सांगतोच, पण त्याआधी कळकळीने सांगतो, वेब आणि मेल एका मशीनवर ठेवू नका.

कारण असं की वर्डप्रेसचं एखादं जुनं प्लगइन हॅक झालं की आत घुसलेली स्क्रिप्ट बऱ्याचदा लगेच स्पॅम पाठवायला लागते, आणि त्याच मशीनवरून आलेला मेल पोस्टफिक्स पासवर्ड न विचारताच घेतो, म्हणजे कचरा तुमच्याच आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यावरून) आणि कित्येक सेटअपमध्ये तुमच्याच डीकेआयएम सहीने (मेल तुमच्याच डोमेनचा आहे अशी डिजिटल खूण) बाहेर पडतो. मग आयपी ब्लॅकलिस्टमध्ये. साइट बॅकअपवरून लवकर उभी करता येते, पण आयपीची पत परत मिळवायला खूप वेळ लागतो, आणि तोवर तुमची बिलं, कोटेशनं गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये पडून राहतात आणि ते तुम्हाला कळतही नाही. म्हणून मेलला दुसरा छोटा व्हीपीएस घ्या, किंवा शिकून होईपर्यंत पैसे देऊन मेल होस्टिंग घ्या, त्यात काही कमीपणा नाही. साइटच्या फॉर्मला मेलचं वेगळं खातं द्या, लॉगिन करूनच पाठवू दे, आणि त्याच्यावर तासाची मर्यादा घाला.

आता स्पॅमचं. मेल निदान स्पॅमपर्यंत पोचतोय म्हणजे बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा) उघडं आहे, हे चांगलंय, गूगल क्लाउडसारख्या ठिकाणी ते बऱ्याचदा बंद असतं. पहिल्यांदा रिव्हर्स डीएनएस बघा, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद. नवीन लोक हा पीटीआर रेकॉर्ड डोमेनच्या डीएनएसमध्ये शोधत बसतात, पण आयपी ज्याचा त्याच्याकडेच तो असतो, म्हणजे व्हीपीएस कंपनीच्या पॅनलमध्ये. तिथे दिलेलं नाव परत त्याच आयपीवर आलं पाहिजे आणि पोस्टफिक्सच्या मायहोस्टनेम या सेटिंगमध्येही तेच असलं पाहिजे. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब आयपी) चालू असेल तर त्यालाही पीटीआर लागतो, नाहीतर जीमेल नाकारतं. सध्या पोस्टफिक्स फक्त आयपीव्ही४वर ठेवा.

मग एसपीएफ, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली यादी. एका डोमेनला एकच रेकॉर्ड, दोन टाकले की दोन्ही फुकट, आणि तपासताना त्यातून दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप व्हायला नकोत. डीकेआयएमची की (सही करायची किल्ली) २०४८ बिटची घ्या. डीएमएआरसी (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) सुरुवातीला पी=नन, म्हणजे काही कारवाई नको, असा ठेवा, रिपोर्ट येऊ द्या, तुमच्या नावाने कोण कोण पाठवतंय ते दिसेल, मगच कडक करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम आवळलेत, जीमेलला दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही लागतात, पण लहान सर्व्हरनेही तिन्ही लावावेत असंच माझं मत.

एका गोष्टीची धास्ती मात्र घेऊ नका. सर्व्हर चारसहा तास बंद राहिला तरी येणारा मेल सहसा हरवत नाही, समोरचा सर्व्हर रांगेत ठेवून परत परत प्रयत्न करतो, पोस्टफिक्स डीफॉल्टने ५ दिवस करतो. त्यामुळे घाईघाईत काही बदलू नका, आधी लॉग वाचा, मेलक्यूची कमांड मारून रांग बघा. रांग अचानक फुगली तर कुणाचा तरी पासवर्ड फुटलाय असं आधी समजा.

लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट मिळणारं, जोडणी सुरक्षित करणारं) सर्टिफिकेट ९० दिवसांचं, सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवीन करतो, पण डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स रीलोड झाले नाहीत तर मेमरीतलं जुनंच चालू राहू शकतं आणि एके सकाळी सगळ्यांच्या फोनवर सर्टिफिकेट एरर येतो, म्हणून डिप्लॉय हुकमध्ये (नवीन सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) दोघांचं रीलोड टाकून ठेवा. डिस्क रिकामी दिसूनही मेल लिहिला जात नसेल तर आयनोड (डिस्कवर फाइलींच्या नोंदींच्या मर्यादित जागा) संपलेत का बघा, मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल वेगळी फाइल असते. एसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीला) पासवर्ड बंद करून की, म्हणजे किल्लीची फाइल, लावा, आणि ते करताना दुसरं सेशन उघडं ठेवा. बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवा आणि एकदा तरी रिस्टोर करून बघाच.

आता एवढं करा, जीमेलमध्ये तो टेस्ट मेल उघडून शो ओरिजिनल दाबा, एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसीपुढे पास आहे की फेल ते बघा आणि डोमेन, आयपी झाकून तो भाग इथे टाका, पुढचं त्यावरून सांगता येईल.